आयएनएस तरंगिणी: जीपीएसच्या जमान्यात नौदल शिडाचं जहाज कशाला चालवतं?

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर कामशेतचा बोगदा लागला की फोनमधल्या नकाशाकडे एकदा नीट बघा (गाडी दुसरं कुणी चालवत असेल तरच). आत शिरल्यावर उपग्रहांचा सिग्नल तुटतो, तरी निळा ठिपका काही वेळ पुढे सरकत राहतो. त्या क्षणी आपण नेमके कुठे आहोत हे फोनला दिसत नसतं, तो अंदाज करत असतो. शेवटची पक्की जागा ही, वेग एवढा, दिशा अशी, मध्ये एवढे सेकंद गेले, म्हणजे आता आपण साधारण इथे असणार.

हे गणित फोनने शोधलेलं नाही. खोल समुद्रात, चारही बाजूंना फक्त पाणी दिसत असताना, खलाशी शेकडो वर्षं हेच गणित हाताने करत आले. भारतीय नौदल आपल्या तरुण अधिकाऱ्यांना ते आजही करायला लावतं, आणि त्यासाठी त्यांना शिडाच्या जहाजावर पाठवतं. त्या जहाजाचं नाव आयएनएस तरंगिणी.

ज्या नौदलाकडे विमानवाहू जहाजं आणि अणुपाणबुड्या आहेत, ते दोरखंड ओढून शिडं चढवायला का शिकवतं? तरंगिणीचा इतिहास आणि तिच्यामागचं तंत्र, दोन्ही समजून घेतलं की याचं उत्तर मिळतं.

थोडक्यात माहिती

- प्रकार: तीन डोलकाठ्यांचं शिडाचं प्रशिक्षण जहाज
- बांधणी: गोवा शिपयार्ड, वास्को
- आराखडा: ब्रिटिश जहाज-रचनाकार कॉलिन मुडी
- जलावतरण: १ डिसेंबर १९९५
- नौदलात दाखल: ११ नोव्हेंबर १९९७
- लांबी: सुमारे ५४ मीटर, म्हणजे लोणावळा लोकलचे जवळपास अडीच डबे
- वजन: ५०० टनांच्या आसपास
- शिडांचं एकूण क्षेत्रफळ: सुमारे १,००० चौरस मीटर, म्हणजे कबड्डीची सात-आठ मैदानं
- मुक्काम: कोची, दक्षिण नौदल कमांड
- जोडीचं जहाज: आयएनएस सुदर्शिनी, २०१२

शिडं निरुपयोगी झाली, तेव्हा ही शाळा सुरू झाली

शिडाची जहाजं होती तोवर 'शिडाचं प्रशिक्षण जहाज' असा वेगळा प्रकार असण्याचं कारण नव्हतं. प्रत्येकच जहाजावर शिडं होती, त्यामुळे पोरं कामावरच शिकत. एकोणिसाव्या शतकात वाफेची इंजिनं आली. ब्रिटिश नौदलाची 'डेव्हास्टेशन' ही युद्धनौका १८७१ मध्ये पाण्यात उतरली. खोल समुद्रात जाणारी मोठी युद्धनौका असूनही तिच्यावर शिडं नव्हतीच. तिथून पुढे शीड हे जहाज चालवण्याचं साधन राहिलं नाही, ते शिकवण्याचं साधन झालं. नव्या खलाशांना समुद्राची सवय व्हावी म्हणून नौदलांनी काही शिडाची जहाजं मुद्दाम बाजूला ठेवली.

या गोष्टीत मुंबईचाही वाटा आहे. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी ब्रिटिश नौदलासाठी सागवानी लाकडाची 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका बांधली. ती १८१७ मध्ये पाण्यात उतरली. लढाईचं आयुष्य संपल्यावर तिचं नाव 'फुद्रॉयां' झालं, आणि १९८६ पर्यंत ती इंग्लंडमध्ये मुलांना समुद्राचे धडे देणारं प्रशिक्षण जहाज होती. आज ती जुनं नाव परत घेऊन इंग्लंडच्या हार्टलपूलमध्ये तरंगते आहे. दोनशे वर्षं उलटली तरी मुंबईत बांधलेला तो सांगाडा टिकून आहे.

पण या शाळांचा इतिहास रम्य नाही. 'अटलांटा' हे ब्रिटिश प्रशिक्षण जहाज १८८० मध्ये बर्म्युडाहून घरी परतताना नाहीसं झालं. त्यावर २८१ जण होते, एकही सापडला नाही. दोनच वर्षं आधी, १८७८ मध्ये, 'युरिडिसी' हे जहाज इंग्लंडचा किनारा दिसत असताना अचानक आलेल्या वादळात उलटलं होतं. शिडांच्या या शिक्षणाचा उपयोग किती आणि किंमत किती, ही चर्चा ब्रिटनमध्ये बराच काळ चालली. शेवटी १८९९ मध्ये ब्रिटिश नौदलाने आपला शिडाच्या जहाजांचा प्रशिक्षण ताफा बंद केला.

जर्मनी, इटली, चिली, मेक्सिको, इंडोनेशिया या देशांनी उलटा निर्णय घेतला. इटलीचं 'अमेरिगो वेस्पुची' १९३१ पासून पाण्यात आहे. अमेरिकेच्या तटरक्षक दलाचं 'ईगल' मुळात जर्मनीत १९३६ मध्ये बांधलेलं जहाज आहे, ते दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेकडे आलं. नव्वदच्या दशकात भारतही याच रांगेत आला.

गोव्यात बांधणी, मग पृथ्वीप्रदक्षिणा

तरंगिणीच्या आधी नौदलाकडे 'वरुणा' हे लहान शिडाचं प्रशिक्षण जहाज होतं. पण महासागर ओलांडेल असं मोठं जहाज हवं होतं. आराखडा कॉलिन मुडी यांच्याकडून घेतला. ब्रिटनच्या सागरी कॅडेटांचं 'रॉयलिस्ट' आणि ऑस्ट्रेलियाचं 'यंग एंडेव्हर' ही शिडाची प्रशिक्षण जहाजंही त्यांचीच. बांधणी मात्र गोवा शिपयार्डने केली. १९९५ मध्ये जहाज पाण्यात उतरलं आणि दोन वर्षांनी नौदलात दाखल झालं.

जानेवारी २००३ मध्ये तरंगिणी कोचीहून निघाली. सुमारे पंधरा महिने, सुमारे ३३,००० सागरी मैल, १८ देश. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, तेव्हा हा प्रवास ६१,००० किलोमीटरच्या वर जातो. विषुववृत्तावरून पृथ्वीला एक फेरी मारली तर ४०,००० किलोमीटर होतात, म्हणजे तरंगिणी जवळपास दीड फेरी फिरली. वाटेत ती उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत शिरून शिकागोलाही जाऊन आली. २००४ मध्ये ती परतली, तेव्हा पृथ्वीप्रदक्षिणा करणारं भारतीय नौदलाचं ते पहिलं जहाज ठरलं. हा मान कुठल्याही विनाशिकेला किंवा फ्रिगेटला नाही, शिडाच्या जहाजाला मिळाला.

पुढे 'लोकायन' या नावाने लांब पल्ल्याच्या मोहिमा सुरू झाल्या. २००७, २०१८ आणि २०२२ मधल्या लोकायन मोहिमांत तरंगिणीने युरोप आणि त्यापलीकडची बंदरं गाठली.

२०१२ मध्ये गोवा शिपयार्डनेच बांधलेली सुदर्शिनी तिच्या सोबतीला आली. भारत आणि आसियान देशांच्या संवादाला वीस वर्षं झाली म्हणून सप्टेंबर २०१२ ते मार्च २०१३ या काळात सुदर्शिनी आग्नेय आशियातल्या नऊ देशांत फिरून आली.

शिडं नेमकी काम कशी करतात?

तरंगिणी ज्या प्रकारात मोडते त्याला 'बार्क' म्हणतात. (अणुशक्तिनगरचं बार्क वेगळं!) यात पुढच्या दोन डोलकाठ्यांवर आडव्या काठ्या असतात आणि त्यांना चौकोनी शिडं टांगलेली असतात. मागच्या डोलकाठीवरचं शीड जहाजाच्या लांबीच्या दिशेने उभं असतं. डोलकाठ्यांच्या मधल्या आणि पुढच्या दोरांवर तिकोनी शिडं चढतात.

वारा मागून असला तर काम सोपं: चौकोनी शिडं आडवी धरायची, वारा ढकलतो, जहाज पुढे जातं.

वारा बाजूने आला की खरी गंमत सुरू होते. फुगलेलं शीड विमानाच्या पंखासारखं वागतं. हवा त्याच्या दोन्ही बाजूंनी वळते, दाबात फरक पडतो आणि शिडाला एका बाजूला ओढ लागते. ही ओढ थोडी पुढे आणि बरीचशी आडवी असते. पण जहाजाचा पाण्याखालचा लांबट भाग आडवं सरकायला विरोध करतो. आडवी ओढ अडते, पुढची उरते. आंब्याची ओली कोय चिमटीत दाबली की ती समोर निसटते ना, तसंच.

आणि वारा थेट समोरून असेल तर? कोणतंही शिडाचं जहाज सरळ वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. मग ते तिरकं जातं, वळतं, दुसऱ्या बाजूने तिरकं जातं, परत वळतं. बोरघाटातला जुना रस्ता आठवा. डोंगर सरळ चढता येत नाही म्हणून रस्ता वळणं घेत वर येतो. समुद्रावरचा हा घाट डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक. चौकोनी शिडांच्या जहाजाला ही वळणं जास्त आडवी घ्यावी लागतात, तिकोनी शिडांची आधुनिक नौका वाऱ्याच्या बरीच जवळून जाते.

मग चौकोनी शिडं कशाला? कारण त्यांना माणसं जास्त लागतात. प्रत्येक शिडाला अनेक दोर, प्रत्येक दोराला ओढणारे हात, आणि शीड गुंडाळायचं तर डोलकाठीवर चढून आडव्या काठीवर ओळीने उभं राहावं लागतं. व्यापारी जहाजाला हा भुर्दंड वाटेल, पण शाळेला नेमकं हेच हवं असतं. सुमारे तीस शिकाऊ अधिकाऱ्यांपैकी एकाने दोर चुकीच्या वेळी सोडला, तर परिणाम लगेच सगळ्यांना दिसतो. लॉग फाइल उघडून चूक शोधत बसावं लागत नाही.

जीपीएसशिवाय जागा कशी कळते?

तरंगिणीवर रडार, जीपीएस, रेडिओ सगळं आहे. पण शिकणाऱ्यांनी त्याच्याशिवायही जागा काढायला शिकायचं असतं. त्याच्या तीन पायऱ्या आहेत.

*१. अंदाजाने पुढे जाणं.* बोगद्यातल्या फोनचं गणित ते हेच. दिशा होकायंत्र सांगतं, वेळ घड्याळ सांगतं. वेग मोजायला पूर्वी एक लाकडी फळी दोराला बांधून पाण्यात टाकत. दोराला ठरावीक अंतरावर, साधारण १४.४ मीटरवर, गाठी मारलेल्या असत. २८ सेकंदांच्या वाळूच्या घड्याळात जेवढ्या गाठी हातातून सरकल्या, तेवढा वेग. गाठीला इंग्रजीत नॉट म्हणतात. जहाजांचा वेग आजही नॉटमध्ये मोजतात, तो या दोरामुळे.

या पद्धतीत एक अडचण आहे, चूक साठत जाते. दर तासाला थोडी चूक झाली की दोन दिवसांनी ती मोठी होते. बोगदा लवकर संपतो म्हणून फोनचं निभावतं. समुद्रावर हा बोगदा आठवडाभर लांब असू शकतो. म्हणून मध्ये मध्ये आकाशाकडे बघून हिशेब दुरुस्त करावा लागतो.

*२. अक्षांश.* सेक्सटंट नावाचं, दोन छोटे आरसे आणि मापपट्टी असलेलं हातात धरायचं यंत्र असतं. त्याने क्षितिजापासून सूर्य किंवा तारा किती अंश वर आहे ते मोजतात. दुपारी सूर्य सर्वात उंच असताना त्याची उंची मोजली आणि तारखेनुसार तक्त्यातला आकडा धरला की अक्षांश मिळतो.

ध्रुवताऱ्याने तर तक्त्याशिवायही जमतं. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, साधारण तितकाच तुमचा अक्षांश. हे तुम्ही स्वतः करून बघू शकता. लोणावळ्याचा अक्षांश पावणेएकोणीस अंशांच्या आसपास आहे. हात सरळ लांब धरला की मुठीची रुंदी साधारण दहा अंश भरते. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री, उत्तरेकडे मोकळं क्षितिज दिसेल अशा जागी उभे राहा, क्षितिजावर एक मूठ आणि तिच्यावर दुसरी ठेवा. ध्रुवतारा दुसऱ्या मुठीच्या वरच्या कडेला सापडेल. तरंगिणीच्या बंदरात, कोचीला, तोच तारा एकाच मुठीवर दिसतो, कारण कोचीचा अक्षांश दहा अंश आहे. दोन मुठी आणि एक मूठ यांतला फरक म्हणजे जमिनीवरचे जवळपास हजार किलोमीटर. मूठ हे फार ढोबळ माप झालं. सेक्सटंट अंशाच्या साठाव्या भागापेक्षाही बारीक मोजतो, आणि अंशाचा साठावा भाग म्हणजे बरोबर एक सागरी मैल.

*३. रेखांश.* इथे घड्याळ लागतं. पृथ्वी २४ तासांत एक फेरी मारते, म्हणजे आकाशातली एखादी घटना दोन ठिकाणी किती वेळेच्या फरकाने दिसते यावरून पूर्व-पश्चिम अंतर काढता येतं. पण घड्याळ एक सेकंद चुकलं तर विषुववृत्तावर जागा सुमारे ४६० मीटरने चुकते.

आता जीपीएसकडे बघा. उपग्रह ठरावीक वेळेला सिग्नल सोडतो, तो फोनपर्यंत यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतात. सिग्नल प्रकाशाच्या वेगाने येतो, त्यामुळे वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. म्हणूनच त्या उपग्रहांत अणुघड्याळं आहेत. सेक्सटंट असो की फोन, दोन्हींच्या मुळाशी 'ठाऊक असलेल्या खुणा आणि अचूक घड्याळ' हीच कल्पना आहे. फरक एवढाच की सेक्सटंट वापरणाऱ्याला प्रत्येक पायरी स्वतः करावी लागते, त्यामुळे चूक कुठून शिरू शकते हे त्याला कळतं.

मावळातून हे जहाज कसं दिसतं?

मावळचा समुद्राशी संबंध काय, असं वाटेल. पण जून महिन्यात लोणावळ्यात जे ढग आदळतात, ते आणणारा नैऋत्य वाराच शिडाच्या जहाजांचं वेळापत्रक ठरवत आला. तो वारा अरबी समुद्रावरून येतो, सह्याद्रीला धडकून वर चढतो, थंड होतो आणि पाऊस पाडतो. हा मोसम असताना कोकणातली गलबतं किनाऱ्यावर ओढून ठेवत आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा समुद्रात लोटत. हिवाळ्यात वारा उलटा, ईशान्येकडून वाहतो, तेव्हा पश्चिमेकडे जायला तो सोयीचा. तरंगिणी पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली तीही जानेवारीत. प्राचीन काळी कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल याच घाटातून देशावर चढायचा, आणि कार्ले-भाजे लेणी त्याच वाटेवर आहेत.

दुसरा धागा आजचा आहे. भुशी धरणाच्या बाजूला जाताना 'आयएनएस शिवाजी' ही पाटी दिसते आणि डोंगरावर जहाज कसं, असा प्रश्न पडतो. नौदलाच्या परंपरेत जमिनीवरच्या केंद्रालाही जहाजाचा मान आणि नाव देतात. हे केंद्र १५ फेब्रुवारी १९४५ ला सुरू झालं. नौदलाचे अधिकारी आणि खलाशी इथे सागरी अभियांत्रिकी शिकतात: इंजिनं, गॅस टर्बाइन, आणि जहाजाला आग लागली किंवा भोक पडलं तर काय करायचं, ते सगळं.

तरंगिणी शिडाची असली तरी तिच्यात दोन डिझेल इंजिनं आहेत. बंदरात शिरताना, वारा पडला असताना किंवा संकटात ती लागतात. म्हणजे खलाशाचं शिक्षण दोन टोकांना चालतं. लोणावळ्याला इंजिन उघडून शिकायचं, आणि तरंगिणीवर इंजिन बंद असताना काय उरतं ते शिकायचं.

किंमत: पैसा आणि जीव

हा खर्च आणि धोका योग्य आहे का? हा प्रश्न अजून संपलेला नाही.

जर्मन नौदलाचं 'निओबे' जुलै १९३२ मध्ये बाल्टिक समुद्रात अचानक आलेल्या वाऱ्याने आडवं झालं आणि काही मिनिटांत बुडालं. ६९ जण गेले, त्यांत बहुतेक शिकणारी तरुण मुलं होती. सप्टेंबर १९५७ मध्ये 'पामिर' हे जर्मन व्यापारी प्रशिक्षण जहाज अटलांटिकमधल्या चक्रीवादळात सापडलं. त्यावर ८६ जण होते, सहा वाचले. पोटात सुटं भरलेलं धान्य एका बाजूला सरकलं आणि जहाज कललं ते सरळ झालंच नाही. पुढच्याच वर्षी पाण्यात उतरलेल्या जर्मन नौदलाच्या 'गोर्च फॉक' या जहाजाच्या तळाशी म्हणूनच भरपूर पोलादी वजन आहे. त्याच गोर्च फॉकच्या दुरुस्तीचा अंदाज २०१५-१६ च्या सुमारास एक कोटी युरो होता, तो साडेतेरा कोटींवर गेला आणि जर्मनीत मोठा वाद झाला.

ताजी घटना १७ मे २०२५ ची आहे. मेक्सिकन नौदलाचं 'क्वाउतेमोक' न्यूयॉर्कमध्ये इंजिनावर चालत असताना उलट्या दिशेने जाऊन ब्रुकलिन पुलाला धडकलं. तिन्ही डोलकाठ्यांचे शेंडे मोडले, दोघांचा जीव गेला. वर काठ्यांवर तरुण कॅडेट निरोपाच्या मानवंदनेसाठी उभे होते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात सुमारे वीस जहाजांच्या जीपीएसने एकाच वेळी चुकीची जागा दाखवली. जहाजं पाण्यात होती आणि पडद्यावर ती किनाऱ्यावरच्या विमानतळावर दिसत होती. कुणीतरी खोटे सिग्नल सोडले होते. ही फसवणूक लगेच लक्षात आली, कारण विमानतळावर जहाज असू शकत नाही. जागा दोन-तीन किलोमीटरनेच सरकवली असती तर? मग फक्त त्याच माणसाच्या लक्षात आलं असतं, ज्याला पडद्याशिवाय जागा ताडून बघायची सवय आहे. अमेरिकेच्या नौदल अकादमीने ताऱ्यांवरून मार्ग काढण्याचं शिक्षण बंद केलं होतं, ते २०१५ मध्ये पुन्हा सुरू केलं, त्यामागेही हीच काळजी होती.

नीट पाहिलं तर युद्धात शिडं वापरता येतील म्हणून तरंगिणी नाही. ती आहे पडद्यावर आंधळा विश्वास न ठेवणारे अधिकारी घडवायला. अशा अधिकाऱ्याला वाऱ्याची दिशा गालावर कळते, आणि नकाशावरचा ठिपका हा कुणीतरी केलेला हिशेब आहे, तो चुकू शकतो, हेही त्याला ठाऊक असतं. हे वर्गात सांगता येतं, पण अंगी बाणायला लाटा लागतात. म्हणूनच धोका कमी करणं ही या शाळेची पहिली अट असली पाहिजे. निओबे आणि पामिरने तो धडा फार महाग शिकवला.

तरंगिणीनंतर: म्हादेई आणि तारिणी

तरंगिणीवर अनेक हात असतात. एकट्या भारतीयाने शिडाच्या नौकेतून पृथ्वीला फेरी मारावी, ही कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. १९७१ च्या युद्धातले वीरचक्र विजेते आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहत. त्यांच्या कल्पनेतून 'सागर परिक्रमा' उभी राहिली. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या बोटयार्डात 'म्हादेई' ही सुमारे १७ मीटरची नौका बांधली गेली. तिचं नाव गोव्याच्या नदीवरून ठेवलं.

- ऑगस्ट २००९ ते मे २०१०: दिलीप दोंदे यांनी म्हादेईतून, वाटेत चार बंदरांत थांबत, एकट्याने प्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय.
- नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३: अभिलाष टॉमी यांनी त्याच म्हादेईतून मुंबई ते मुंबई, कुठेही न थांबता फेरी पूर्ण केली.
- सप्टेंबर २०१७ ते मे २०१८: वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी 'तारिणी' या नौकेतून गोवा ते गोवा जाऊन आल्या.
- ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५: दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच तारिणीतून प्रदक्षिणा पूर्ण केली.

मे २०२५ मध्ये कारवारला नौदलाने 'कौंडिण्य' हे आणखी एक शिडाचं जहाज स्वीकारलं. अजिंठ्याच्या लेण्यातल्या चित्रातल्या जहाजावरून त्याचा आराखडा घेतला आहे, आणि त्याच्या फळ्या खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत.

नेहमीचे प्रश्न

फोनचं जीपीएस इंटरनेटशिवाय चालतं का?
हो. उपग्रहांचा सिग्नल घ्यायला इंटरनेट लागत नाही. नकाशाची चित्रं आणि जागा पटकन सापडायला मिळणारी मदत तेवढी नेटवरून येते. घाटात रेंज जाते म्हणून ट्रेकला निघण्याआधी नकाशा डाउनलोड करून ठेवा. बोगद्यात मात्र उपग्रहच दिसत नाहीत.

तरंगिणी युद्धनौका आहे का?
ती नौदलात रीतसर दाखल झालेली नौका आहे, पण काम प्रशिक्षणाचं. कोचीतल्या पहिल्या प्रशिक्षण ताफ्याचा ती भाग आहे.

अशा जहाजावर शिकायला मिळावं तर काय करायचं?
बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेऊन यूपीएससीची एनडीए परीक्षा देता येते. निवड झालेले खडकवासल्याच्या एनडीएत किंवा केरळातल्या एळिमला इथल्या नौदल अकादमीत शिकतात. २०२२ पासून एनडीएत मुलींनाही प्रवेश आहे. शाळा-कॉलेजात असाल तर एनसीसीच्या नौदल शाखेत नाव घाला. होडी वल्हवणं आणि लहान शिडाची नौका हाकणं तिथे शिकवतात.